आधी कागद, मग रंग

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे, बडोद्यात दांडिया बाजारात राहते. मार्च महिन्यात निवृत्त झाले आणि लहानपणापासून राहून गेलेली चित्रकला हाती घेतली. दुकानातून २४ जलरंगांच्या छोट्या नळ्यांचा संच, १२ ब्रशांचं पाकीट आणि चित्रकलेची वही आणली. सुरसागर तलावाचं संध्याकाळचं पाणी काढायला बसले तर कागद पापडासारखा फुगला, दुसरा हात दिल्यावर खालचा रंग निघून कागदाचे गोळे सुटले, झाडांचा रंग चिखलासारखा झाला आणि ब्रशाचे केस आभाळात चिकटले. महिनाभर हेच चाललं आहे. माझ्या हातातच चित्रकला नाही का? फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं पाहिल्यापासून वाटतं, एकदम तैलरंगच घ्यावेत. आणखी ३,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकते. पाच वर्षांचा नातू शेजारी बसून रंगवतो, त्याच्या दृष्टीनेही सांगा.

उत्तर :

ताई, तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींपैकी पहिल्या दोन मुख्यतः कागदाच्या आहेत, चौथी ब्रशाची आहे आणि चिखलाची बरीचशी जबाबदारी २४ रंगांच्या संचावर जाते. तुमच्या हाताबद्दल अजून कुणालाच काही सांगता येणार नाही, कारण या सामानावर मुरलेल्या चित्रकारालाही सुरसागरचं पाणी काढता आलं नसतं. तैलरंगांचं पुढे बोलू. आधी ३,००० रुपये कसे वाटायचे ते सांगतो: साधारण दीड हजार कागदाला, आठ-नऊशे रंगांना, पाचशे ब्रशांना आणि उरलेले टेप-पेन्सिलीला. बहुतेक जण हा हिशेब उलटा करतात. रंगांचा मोठा डबा घेतात आणि कागद उरलेल्या पैशांत बसवतात. जलरंगात निम्मं काम कागद करतो, म्हणून त्याच्यावरच आम्ही जास्त लिहिणार आहोत.

कागद म्हणजे तंतूंचा थर. पाणी लागलं की तंतू फुगतात, आणि ओला भाग फुगला पण कोरडा भाग तसाच राहिला की मधे डोंगर-दऱ्या होतात. रंग त्या दरीत जाऊन साचतो आणि तिथेच गडद वाळतो. शाळेच्या चित्रकला वहीतला कागद साधारण १०० ते १५० जीएसएमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन. पेन्सिल, खडू आणि जाडसर पोस्टर रंग यांच्यासाठी तो ठीक आहे. ओल्या कामासाठी ३०० जीएसएम घ्या. २०० च्या आसपासचा कागद आधी भिजवून फळीवर ताणून बसवला तर चालतो, पण सुरुवातीलाच तो खटाटोप नको.

जाडीइतकीच महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. कापडाला खळ देतात तसं जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचं किंवा कृत्रिम द्रव्याचं साइझिंग दिलेलं असतं. त्यामुळे पाणी लगेच आत शिरत नाही, थोडा वेळ वर राहतं, आणि तेवढ्या वेळात रंग पसरवता येतो, पुसता येतो, कडा मऊ करता येते. वहीच्या कागदाला पाण्यासाठी पुरेसं साइझिंग नसतं. रंग टेकताक्षणी आत जातो आणि मेल्यासारखा दिसतो. वरून दुसरा हात फिरवला की भिजून मऊ झालेले तंतू सुटतात. तुम्ही म्हणता ते गोळे हेच.

पारख सोपी आहे. दुकानदाराकडे कागदाचा एक तुकडा मागा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. चांगल्या कागदावर थेंब फुगीर उभा राहतो, मिनिटभराने हळूहळू बसतो आणि मागच्या बाजूला ओल दिसत नाही. वाईट कागदावर तो क्षणात पसरतो आणि मागे गडद डाग उमटतो. पाकिटावर काहीही छापलेलं असो, या थेंबावर विश्वास ठेवा.

आता कापूस की लाकडाचा लगदा हा प्रश्न. पाकिटावर ‘१०० टक्के कॉटन’ असेल तर तो कापसाच्या तंतूंचा, नाहीतर बहुधा सेल्युलोज, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा. कापसाचा कागद पाणी सावकाश आणि सगळीकडे सारखं घेतो, जास्त वेळ ओला राहतो. बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हा फरक फार मोठा ठरतो. सेल्युलोजवर आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, अर्ध्यात पोचेपर्यंत वरचा काठ वाळलेला असतो आणि तिथे पट्टा उमटतो. उलट, सेल्युलोजवरून वाळलेला रंग ओल्या ब्रशाने उचलणं सोपं जातं आणि तो स्वस्तही असतो. म्हणून दोन्ही घ्या: रंग मिसळून पाहायला आणि सरावाच्या पट्ट्यांना ए-४ आकाराचं ३०० जीएसएम सेल्युलोजचं एक पॅड, आणि प्रत्यक्ष चित्रांसाठी कापसाचे चार पूर्ण कागद. परदेशी बनावटीचे कागद उत्तमच असतात, पण तुमच्या रकमेत त्यांचे दोन-तीनच येतील आणि मग महाग कागद बिघडेल या धाकाने हात आखडेल. भारतात बनणारे कापसाचे कागद शिकण्यासाठी पुरेसे चांगले आहेत. थेंबाची परीक्षा त्यांनाही लावा.

पृष्ठभाग ‘कोल्ड प्रेस’ मागा. त्यावर बारीक खरबरीतपणा असतो, वॉशही नीट बसतो आणि कोरडा ब्रश ओढला तर पाण्यावरची चमकही मिळते. ‘हॉट प्रेस’ गुळगुळीत असतो, त्यावर चुका लपत नाहीत. ‘रफ’ सुंदर असतो, पण लहान आकारात त्याचे खड्डेच जास्त दिसतात.

पूर्ण कागद ५६ × ७६ सेंटिमीटरचा असतो. तो दुमडून, घडीवर सुरीची बोथट बाजू दाबून, तीनदा निम्मा करत गेलात की १९ × २८ सेंटिमीटरचे आठ तुकडे होतात. चार कागदांचे ३२. दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणजे ६४ प्रयत्न. हाच आकार धरा. मोठ्या कागदाला मोठा ब्रश, जास्त रंग आणि झपाट्याने चालणारा हात लागतो, आणि तो पहिल्या महिन्यात कुणाकडेच नसतो.

तुकडा १२ मिलिमीटरच्या प्लायवूडवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा, टेप कागदावर अर्धा सेंटिमीटर तरी चढू द्या. ओला असताना ३०० जीएसएमही थोडा उचलतो, पण वाळला की परत सपाट होतो. त्यावेळी घाईने टेप काढू नका. कागद हाताला गार लागतो तोवर आत ओल आहे असं समजा. पूर्ण वाळल्यावर टेप चित्राच्या बाहेरच्या दिशेने, तिरकी, सावकाश ओढा. मे महिन्यात मात्र टेप चार-चार दिवस तशीच ठेवलीत तर उकाड्याने तिचा गोंद कागदात मुरतो आणि वरचा थर सोलून निघतो. ज्या दिवशी चित्र, त्याच दिवशी टेप काढायची.

पेन्सिल एचबी किंवा २बी, हलक्या हाताने. खोडण्यासाठी कणकेसारखा मऊ मळता येणारा रबर घ्या आणि तो घासण्याऐवजी टिपा. कडक रबर घासला की तिथलं साइझिंग जातं आणि नंतर वॉश दिल्यावर नेमका तिथे काळपट डाग येतो. पुष्कळांना तो डाग रंगाचा दोष वाटतो.

रंगांकडे येऊ. २४ रंगांच्या संचात चार हिरवे, दोन जांभळे, नारिंगी, तीन-चार तपकिरी, काळा आणि पांढरा असतो. यातले बरेच रंग कारखान्यातच दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून केलेले असतात. तुम्ही संचातल्या हिरव्यात संचातलाच तपकिरी घातला, म्हणजे कागदावर चार-पाच द्रव्यं आली. प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा आपापला भाग गिळतं. इतकी एकत्र आली की परत यायला प्रकाशच उरत नाही, आणि जे उरतं त्याला आपण चिखल म्हणतो. त्यात काळा घातला की झाड मेलंच.

नळीच्या पाठीवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीबी म्हणजे निळं द्रव्य, पीवाय पिवळं, पीआर लाल, पीजी हिरवं, पीव्ही जांभळं, पीबीआर तपकिरी. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, मग कंपनी कुठलीही असो. शक्यतो एकच क्रमांक असलेली नळी घ्या. क्रमांकच छापलेला नसेल तर ती बहुधा अगदी शालेय दर्जाची असते. ‘विद्यार्थी’ आणि ‘आर्टिस्ट’ अशा दोन प्रतींपैकी विद्यार्थी प्रतीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. सगळेच जलरंग वाळल्यावर फिके होतात, ही प्रत जास्तच होते. कॅमल कंपनीच्या आर्टिस्ट प्रतीच्या सुट्या नळ्या भारतात सहज मिळतात आणि सुरुवातीला त्या पुरतात. संच घेण्यापेक्षा सुट्या सात घ्या:

लेमन यलो, यलो ऑकर, परमनंट रोज, व्हर्मिलियन, अल्ट्रामरीन, फ्थालो ब्लू आणि बर्न्ट सिएना.

फ्थालो मिळाला नाही तर प्रशियन ब्लू चालेल. परमनंट रोज मिळाला नाही तर क्रिमसन, पण क्रमांक पीआर ८३ असेल तर तो रंग उजेडात उडतो. पीव्ही १९ दिसला तर तो निवडा.

दोन निळे आणि दोन लाल का, ते समजलं की मिश्रणाची अर्धी विद्या आली. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, फ्थालो हिरव्याकडे. परमनंट रोज जांभळ्याकडे झुकतो, व्हर्मिलियन नारिंगीकडे. लेमन यलोमध्ये फ्थालो घातला तर पोपटी, कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीचा हिरवा येतो. त्याच पिवळ्यात अल्ट्रामरीन घातला तर हिरवा थोडा शांत होतो. यलो ऑकरमध्ये अल्ट्रामरीन घाला, वडाच्या जुन्या पानांचा निबर हिरवा तयार, आणि वडाचं नाव मिरवणाऱ्या शहरात तो तुम्हाला दररोज लागेल. परमनंट रोज आणि अल्ट्रामरीन मिळून जांभळाचा रस होतो. पण व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरीन मिसळाल तर मातकट तपकिरी येईल, कारण व्हर्मिलियनच्या पोटात पिवळा दडलेला आहे आणि तिघे एकत्र आले की चमक जाते. जांभळं करायला जाऊन मातकट होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान घेतले की खोल राखाडी येतो. निळा जरा वाढवला तर आषाढातले ढग, तपकिरी वाढवला तर जुन्या वाड्याचं लाकूड. पांढराही नको. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद, फिकं करायचं असेल तर पाणी वाढवायचं. पांढरा मिसळला की रंगावर खडूची साय येते.

आधीच्या संचातल्या नळ्या बाद करण्यापूर्वी त्यांची एक परीक्षा घ्या. सेल्युलोजच्या पट्टीवर प्रत्येकीचा दोन सेंटिमीटरचा ठिपका काढा, अर्धा भाग काळ्या जाड कागदाने झाका आणि पट्टी पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून दोन-तीन महिने चिकटवून ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग वेगळे दिसू लागले ते रंग चित्रात वापरायचे नाहीत. गुलाबी आणि जांभळे आधी उडतात.

ब्रश तीनच. गोल १० किंवा १२ नंबरचा, गोल ६ नंबरचा आणि एक इंची चपटा. हे नंबर कंपनीगणिक बदलतात, एकाचा ८ दुसऱ्याच्या १० एवढा असतो. म्हणून आकार डोळ्याने पाहा: मोठ्या गोल ब्रशाचे केस त्यांना धरणाऱ्या पत्र्याच्या तोंडाशी ७-८ मिलिमीटर रुंद असावेत. बारीक ब्रशांनी सुरुवात करण्याचा मोह आवरा. बारीक ब्रशात पाणी मावत नाही, मग शंभर वेळा बुडवावा लागतो आणि शंभर पट्टे दिसतात. चांगल्या मोठ्या गोल ब्रशाचं टोक इतकं बारीक येतं की नारळाच्या झावळीची पातही त्यानेच ओढता येते.

ब्रश दुकानातच तपासा. नव्या ब्रशाच्या केसांना गोंद लावलेला असतो, त्यामुळे कोरडा असताना प्रत्येक ब्रश टोकदारच दिसतो. पाण्याची वाटी मागा, गोंद धुवा, एकदा मनगटाने झटका. केस एका टोकाशी जुळले पाहिजेत. मग टोक तळहातावर टेकवून वाकवा आणि सोडा, ते सरळ झालं पाहिजे. दोन-तीन केस हलके ओढून बघा. बारा ब्रशांच्या स्वस्त पाकिटात केस आणि पत्रा यांच्यातला गोंद कमी असतो, म्हणून ते केस तुमच्या आभाळात आले.

सिंथेटिक केसांचे घ्या. ‘सेबल’ (एका लहान प्राण्याचे महाग केस) म्हणून कुणी स्वस्तात नैसर्गिक केसांचा ब्रश पुढे केला आणि केस टोकाला गडद, मधे फिकट, मुळाशी पुन्हा गडद असे दिसले तर तो परत करा. ते मुंगसाचे केस असण्याची शक्यता असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार गुन्हा आहे. एका ब्रशासाठी जनावरं मारली जातात आणि त्यातून चित्र तसूभरही चांगलं होत नाही. याबाबतीत कुणाचीही भीड बाळगू नका.

ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा ठेवायचा नाही. टोक वाकतं, पत्र्यात पाणी शिरतं, लाकूड फुगून रंगाचे पोपडे निघतात आणि आतला गोंद सुटतो. काम झालं की साध्या पाण्यात धुवा, बोटांनी टोक करा आणि आडवा ठेवून वाळवा. ओठांत धरून टोक करण्याची सवय पुष्कळांना असते, ती लावून घेऊ नका. काही नळ्यांत कॅडमियम, कोबाल्टसारखी द्रव्यं असतात. जुन्या पाकिटातला एखादा केस फुटलेला ब्रश जपून ठेवा, झाडांच्या पानोळ्यासाठी कोरड्या रंगात टिपायला तो छान चालतो.

पॅलेटवर पैसे घालू नका. घरातली पांढरी चिनी मातीची बशी सर्वांत उत्तम. स्टीलच्या ताटलीत रंगाची खरी छटा कळत नाही आणि नव्या प्लास्टिकवर रंग थेंबाथेंबाने आक्रसतो. पाण्याची दोन भांडी ठेवा: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घ्यायचं. एकाच भांड्यावर काम केलं की दहाव्या मिनिटाला प्रत्येक रंगात थोडा राखाडी मिसळायला लागतो. जुन्या सुती साडीचा तुकडा हाताशी असू द्या. ब्रशातलं जादा पाणी काढायला टेरिकॉट कामाचं नाही.

नळीतून रंग काढताना हरभऱ्याएवढा काढा. वाळला तरी वाया जात नाही, दुसऱ्या दिवशी दोन थेंब पाणी घालून पाच मिनिटं थांबलं की पुन्हा जागा होतो. पाण्याचं प्रमाण ओळखायला स्वयंपाकघरच बरं: पहिला वॉश पातळ ताकासारखा, मधला दुधासारखा, शेवटच्या गडद जागा आमरसासारख्या. नवशिक्यांची चित्रं फिकी दिसतात ती बहुधा सगळं चित्र ताकातच संपवल्यामुळे.

पहिले पंधरा दिवस चित्र काढू नका, वॉश घाला. फळीच्या वरच्या कडेखाली एक पुस्तक ठेवा, एवढाच उतार पुरे. वाटीत अल्ट्रामरीन हरभऱ्याएवढा आणि दोन चहाचे चमचे पाणी, नीट ढवळून. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट करा, कारण मधेच संपलं तर तीच छटा पुन्हा जमवेपर्यंत काठ वाळतो. मोठा ब्रश पूर्ण भरून वरून डावीकडून उजवीकडे एक आडवा पट्टा ओढा. खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमेल. पुढच्या पट्ट्याने त्या ओघळाला स्पर्श करून तो खाली न्या. मागे वळून दुरुस्ती करायची नाही. शेवटी खाली साचलेला रंग पिळलेल्या ब्रशाने टिपून घ्या, नाहीतर तो वर चढून फुलकोबीसारखा डाग पडतो. हा डाग तुम्हाला पुष्कळदा भेटेल. अर्धवट वाळलेल्या भागात जास्त ओला ब्रश टेकवला की नवं पाणी जुना रंग ढकलत जातं आणि कडेला त्याची झालर होते. ब्रश नेहमी कागदापेक्षा कमी ओला हवा, किंवा कागद संपूर्ण वाळलेला हवा. आणि ताई, वॉश घालताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. उकडेल, पण पंख्याखाली कागद ठिकठिकाणी वेगवेगळा वाळतो. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी.

असे दहा सपाट वॉश, मग वरून गडद खाली फिका होत जाणारे दहा. त्यानंतर फक्त अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घेऊन सुरसागर काढा. दोन रंगांत पाणी, काठ, पलीकडची घरं एवढंच. पाण्याचा वॉश पूर्ण वाळल्यावरच प्रतिबिंबं घाला. खालचा रंग निघून यायची तुमची तक्रार इथे मिटेल. तरी दुसरा हात एका ओढीत द्या. जलरंग वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, त्याच जागी चार-पाच वेळा ब्रश घासला तर चांगल्या कागदावरूनही तो उठेल.

आता तैलरंग. रविवर्म्याच्या त्या चित्रांतली रेशमाची झळाळी आणि त्वचेची ऊब तैलरंगांची आहे, ओढ वाटणं स्वाभाविक आहे. पण तैलरंगाचा एक थर हाताला कोरडा व्हायला दिवस जातात, जाड असेल तर आठवडे. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, नाहीतर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि भेगा पडतात. हे रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची वाफ बंद खोलीत डोकं धरते, त्यासाठी आरपार वारा हवा आणि लहान मूल शेजारी नको. तैलरंगातल्या अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या लागतात. नातू शेजारी बसतो, म्हणून आज तरी आमचं मत नको असंच आहे. सहा महिन्यांनी दाट, अपारदर्शक रंगांची हौस टिकून असेल तर आधी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्या, पावसाळा किंवा हिवाळा पाहून, कारण मे महिन्यात ते पॅलेटवरच काही मिनिटांत वाळतात. त्यासाठी ब्रश वेगळे ठेवा. वाळलेलं ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, ते जलरंगाच्या ब्रशाच्या मुळाशी बसलं की ब्रश गेला. म्युझियमला मात्र जरूर जात राहा, आणि पुढच्या वेळी चेहऱ्यांपेक्षा सावल्या बघा: काळ्या वाटणाऱ्या सावलीत किती तपकिरी आणि किती लाल आहे ते.

सामान घ्यायला कुठे जावं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. बडोद्यात विद्यापीठाची फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे. तिथली मुलं रोज सामान घेतात ती दुकानं विचारून घ्या. तिथे कागद सुटा मिळतो, माल फिरता असतो आणि नळ्या वर्षानुवर्षं पडून घट्ट झालेल्या नसतात. नळी घेताना मधे हलकी दाबून बघा, दगडासारखी लागली तर दुसरी मागा.

पावसाळ्यापूर्वी कागदाची सोय करून ठेवा. दमट हवेत साइझिंग बिघडतं आणि मग चांगल्या कागदावरही वॉशमध्ये मोहरीएवढे गडद ठिपके उठतात. ते पुसून जात नाहीत, तो कागद पेन्सिलीलाच ठेवावा लागतो. तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, तोंड बंद करून आडवे ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. कसर साइझिंगही खाते, तिच्यापासूनही पिशवी वाचवते. रंगाची बशी ओली असताना डब्यात बंद करू नका, बुरशी धरते.

नातवाला तुमच्या सात नळ्या देऊ नका. त्याला ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले पोस्टर रंग किंवा ऑइल पेस्टल, जाड दांड्याचा एक चपटा ब्रश आणि तुमची ती चित्रकलेची वही द्या. पोस्टर रंग दाट असतात, त्या कागदाला झेपतात. जुन्या संचातल्या नळ्यांवरही ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असेल तर त्या त्याच्याच. त्याचं पाण्याचं भांडं मात्र तुमच्या दोन भांड्यांपासून लांब ठेवा, आणि चहाचा कप त्याहून लांब.